अनगोळमधला माश्यांचा पांजरपोळ

सोमवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळ, जेवण आटोपून.

रोजनिशी पुन्हा सुरू. या वेळी बंद पडणार नाही. शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने नोंदी ठेवल्या पाहिजेत.

आज फ्लाय रूममध्ये गडबड. फ्लाय रूम म्हणजे आमच्या कॉलेजच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटची मागची खोली. काचेच्या नळ्यांत फळमाश्या पाळतो, रिसर्चसाठी. मी अभिनंदन, तिथला लॅब इन्स्ट्रक्टर. काही नळ्यांतल्या माश्यांची पोटं फुगून पांढरी झाली आहेत आणि त्या भिंतीवर चढताना घसरतात. एचओडी नागेंद्र सरांनी एक माशी काचपट्टीवर दाबून मायक्रोस्कोपखाली धरली. मला बोलावलं. बघितलं तर तांदळाच्या कणीसारखे चकचकीत दाणे, जिकडे तिकडे. सर म्हणाले, हे परजीवीचे स्पोअर. माशीच्या आतड्यात वाढतात, विष्ठेतून बाहेर पडतात, दुसऱ्या माशीने चाटले की तिच्या पोटात.

मी घाबरलो नाही. फक्त जरा मागे सरकलो आणि स्टूल पडलं.

सरांना विचारलं, माणसाला होतं का. सर म्हणाले, छे छे, तुम्ही काय माशी हाय काय री. हे उत्तर मला शास्त्रीय वाटलं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट.

मीटिंग. ब्राह्मीचा चेहरा उतरलेला. ती आमची पीएचडी स्कॉलर, एकसंब्याची. तिचा सगळा थीसिस माश्यांच्या या एकाच वाणावर उभा आहे. एक्स्टेन्शन संपत आलंय, पुन्हा मिळणार नाही. सप्टेंबरात या वाणाची निरोगी अंडी मिळाली तर शेवटचा प्रयोग होईल आणि ती सुटेल. वाण गेला की थीसिस गेला, असं सर सरळ बोलले.

ठरलं ते असं. चांगल्या नळ्या एका कपाटात, आजारी नळ्या रद्द. साफसफाईची जबाबदारी कोण घेणार? मी हात वर केला. बायोसेफ्टी इन-चार्ज. टेबलावर तशी पाटी ठेवायचा विचार आहे.

रद्द म्हणजे साबणाच्या पाण्याच्या बाटलीत. या बाटलीला आमच्याकडे विहीर म्हणतात. ब्राह्मी आमच्यातलीच, जैन, पण ती माश्या सहज ढकलते. म्हणते, अष्टमी-चतुर्दशीला मारत न्हाय अण्णा, बाकीच्या दिवशी काम म्हणून मारते आणि पर्युषणात क्षमा मागते. चांगली पद्धत आहे. मलाही काही अडचण नाही. आज फक्त मनगट दुखत होतं.

गुरुवार, ७ ऑगस्ट.

सरांनी विचारलं, आजारी नळ्यांचं काय केलं. मी म्हणालो, व्यवस्था केली. यात खोटं काही नाही. व्यवस्था केली आहे. माझ्या अनगोळच्या खोलीत, बाथरूमच्या माळ्यावर, कुकरच्या खोक्यात. आजार पुढे कसा जातो याचं निरीक्षण करणं गरजेचं आहे, एवढंच कारण. आमच्या बोरगावकडे म्हाताऱ्या, लंगड्या बैलांना पांजरपोळात मरेपर्यंत सांभाळतात आणि आजोबा तिथे न चुकता वैरण पाठवायचे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

खोलीवर येऊन नेटवर वाचलं. वाचायला नको होतं. माशी मरते, स्पोअर मरत नाही. त्याला जाड कवच असतं. सुकला तरी महिनोन्महिने पडून राहतो आणि वाट बघतो. कशाची वाट बघतो ते लिहिलेलं होतं, पण मी लॅपटॉप मिटला.

उशीचा अभ्रा बदलला. मग उशीच बदलली.

शनिवार, ९ ऑगस्ट. सकाळी सात.

उपाय सापडला. गोठवणे. बर्फात काय जगणार? लॅबचा कोट पिशवीत घालून घरमालकीण मालुमावशींच्या फ्रीझरमध्ये ठेवला. विचारलं नाही, कारण त्या मंदिरात गेल्या होत्या. आत त्यांचे बांगडे होते. डोळे मिटून ठेवला.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

मालुमावशींनी कोट बाहेर काढून माझ्या दारात टाकला. म्हणाल्या, अभिनंदन, माझ्या माशाला तुज्या कोटाचा वास लागला रं. तुला बांगडा चालत न्हाय आणि कोट चालतोय व्हय त्याच्याशेजारी? मी त्यांना स्पोअरबद्दल समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग हे माझ्या फ्रीजमध्ये कशाला आणलंस? या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट.

ब्राह्मीला सहज विचारलं की गोठवल्यावर स्पोअर मरत असतील ना. ती म्हणाली, थंडीत तर लई टिकतात अण्णा, टिकवायचे असले की मुद्दाम गारठ्यातच ठेवतात. म्हणजे मी कोटावरच्या स्पोअरची सोय केली होती. आणि बांगड्यांवरच्याही.

मालुमावशींना सांगायचं की नाही? त्यांनी ते बांगडे काल खाल्ले. आज त्या जिन्याने वर आल्या तेव्हा मी त्यांची चाल नीट पाहिली. घसरत नव्हत्या.

संकल्प: उद्यापासून शांत राहायचं.

मंगळवार, १२ ऑगस्ट.

शांत राहिलो नाही. कडक उन्हाने स्पोअर मरतात असं वाचलं. कोट गच्चीवर घातला. बेळगावात ऑगस्टमध्ये ऊन कुठलं? दिवसभर झिमझिम. नेला होता त्यापेक्षा कोट संध्याकाळी जड होऊन परत आला.

ब्लीचने मात्र मरतात. हे पक्कं. निळा शर्ट ब्लीचमध्ये भिजवला. आता तो निळा नाही. पांढराही नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट.

झेंडावंदन. सरांनी सगळ्यांसाठी कुंदा आणला होता. डब्याच्या झाकणावर एक माशी बसलेली मी स्वतः पाहिली. घरमाशी होती, आमच्यातली नव्हे, पण ती कुठून आली हे कोण सांगणार? मी म्हणालो, आज उपास. सर म्हणाले, काल पण उपास सांगितला होता की री. मी हसलो. तीन मास्क घातले की हसलेलं दिसत नाही, हा एक तोटा.

चांगल्या नळ्या मात्र उत्तम. ब्राह्मी रोज सकाळी पोटं तपासते आणि माझ्याकडे बघून मान हलवते. इन-चार्ज म्हणून मला समाधान वाटतं.

मंगळवार, १९ ऑगस्ट.

माळ्यावरच्या तुकडीला खाणं लागतं. लॅबमधून नेणं योग्य नव्हे, म्हणून घरीच शिजवतो: रवा, निपाणीचा गूळ, थोडं यीस्ट, घट्ट व्हायला अगर. मी बुचं आणायला आत गेलो तेवढ्यात मालुमावशी आल्या आणि पातेल्यातला चमचाभर घेऊन खाल्ला. म्हणाल्या, शिरा असला घट्ट? तूप घालायला काय झालंतं?

त्या पातेल्याजवळ आजारी नळ्या होत्या. मावशींना पाणी दिलं, ओवा दिला, मीठ-पाण्याच्या गुळण्या करा म्हणालो. त्या म्हणाल्या, शिरा खाल्ला म्हणून गुळण्या? मग गेल्या. मी त्यांच्या खोलीकडे कान लावून बसलो. त्या टीव्ही बघत होत्या आणि हसत होत्या. हसणं हे लक्षण असू शकतं का, वाचायला हवं.

लंगडीची तब्येत सुधारते आहे. लंगडी म्हणजे एक माशी, मागचा पाय ओढत चालते. नाव ठेवलेलं नाही, ओळखण्यापुरता शब्द आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट.

कळलं. ब्राह्मीला कळलं.

लॅबमध्ये मी चांगल्या नळ्यांचं कपाट पुसत होतो. ती मागून म्हणाली, अण्णा, हलू नका, तुमच्या कॉलरवर माशी हाय. तिने बोटाने अलगद उचलली. पोट पांढरं. तिने त्या माशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, मारल्या न्हाईसा न्हवं? मी मनगटाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, घरात पांजरपोळ काढलासा व्हय? आणि हसली. मला वाटलं होतं ती ओरडेल.

तिने सरांना सांगितलं नाही. पण शपथ घातली. घरातल्या माश्यांना हात लावला की अंघोळ, कपडे बदल, मगच लॅबमध्ये पाऊल. माजं सगळं त्या कपाटात हाय अण्णा, असं म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मला फार वाईट वाटलं. वचन दिलं.

संकल्प: रोज दोन अंघोळी. मोडणार नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट.

नळाला पाणी आलं नाही. आज एकच अंघोळ, तीही तुकडीला खाणं देण्याआधी. पण हात धुतले.

बुधवार, २७ ऑगस्ट.

गणेश चतुर्थी. सुट्टी. गल्लीत ढोल. तुकडी आवाजाने बिथरली असावी, दोनदा बघून आलो. परवाची आणि कालची अंघोळ राहिली होती, ती आज केली. सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये जायचं नव्हतं हे नंतर लक्षात आलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट.

दशलक्षण, म्हणजे आमचं दहा दिवसांचं पर्युषण, सुरू. आईचा बोरगावहून फोन. विचारलं, एकाशन करतोस न्हवं? करतो म्हणालो. दिवसातून एकदाच जेवायचं. मला जमतं. आईने त्यासाठी तुपातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. एकदाच जेवायचं असल्यामुळे नीट जेवलो.

शनिवार, ३० ऑगस्ट.

लिहवत नाही, पण लिहितो.

चांगल्या कपाटातल्या नळ्यांत पांढरी पोटं. एका नळीत नव्हे, सगळ्यांत. सरांनी काचपट्टी लावली. तांदळाची कणी.

कारण काय असावं? पंख्याचा वारा. सर फ्लाय रूममध्ये शिंकतात, तेही एक. कपाटाचं दार नीट बसत नाही, हे मी जूनमध्येच सांगितलं होतं. ब्राह्मीने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, दोन अंघोळी रोज झाल्या? मी म्हणालो, बहुतेक. ती कपाटाकडे वळली.

सरांनी लगेच निर्णय घेतला. फ्लाय रूममधलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. नळ्या, बुचं, ब्रश, माश्या, सगळं वाफेत. खोली ब्लीचने धुतली. हा स्पोअर राहिला तर पुढच्या पोरांच्या माश्याही जातील, असं सर म्हणाले. वाणाची चिंता नव्हती. धारवाडला सरांच्या मित्राकडे याच वाणाच्या नळ्या आहेत, सोमवारी मागवू. ब्राह्मीने स्वतःच्या हाताने कपाट रिकामं केलं. आज चतुर्दशी नव्हती, तरी तिने प्रत्येक नळीला हात जोडले.

मी घरी आलो. पोटात गुडगुड.

रविवार, ३१ ऑगस्ट. पहाटे.

पोट दुखतं. पांढरं झालंय का, आरशात पाहिलं. आधीपासून गोराच आहे, त्यामुळे सांगता येत नाही.

सकाळी आठ.

तीनदा जाऊन आलो. भिंतीला धरून चाललो, घसरलो नाही. पण माशीही सुरुवातीला घसरत नव्हती. मला भीती वाटते. आता लपवत नाही, फार भीती वाटते. इथे मला काही झालं तर मालुमावशींना बोरगावचा नंबरही माहीत नाही.

सकाळी अकरा.

कॅम्पातल्या डॉक्टरांकडे गेलो, ते रविवारी बसतात. मिलिटरीतून रिटायर. सगळं सांगितलं: स्पोअर, माळा, शिरा, कॉलर. त्यांनी पोट दाबून विचारलं, काल काय खाल्लं? सांगितलं. ते म्हणाले, एकाशन म्हणजे एकदा जेवणं, तीन वेळचं एकदम जेवणं नव्हे. गॅस आहे. गोळी दिली. मायक्रोस्कोप त्यांच्याकडे नव्हताच. मायक्रोस्कोपशिवाय कसं कळणार?

दुपारी एक.

स्पोअर उकळत्या पाण्यात मरतो. यावर कुणाचंच दुमत नाही.

दुपारी तीन.

झालं.

ज्या पातेल्यात त्यांचा रवा शिजवायचो त्यातच पाणी ठेवलं. दुसरं मोठं पातेलं माझ्याकडे नाही. आधी णमोकार मंत्र म्हटला. नळ्या बुचासकट सोडल्या आणि गॅसकडे पाठ करून उभा राहिलो. मग खोकं धुतलं, माळा धुतला, सगळं स्वयंपाकघर ब्लीचने पुसलं. मी भित्रा आहे असं कुणी म्हणेल. पण शास्त्रज्ञाला कधीतरी कठोर व्हावंच लागतं, आणि आज दशलक्षणातला उत्तम शौचाचा दिवस आहे, म्हणजे शुद्धीचाच.

लंगडी बरी होत होती. रडू आलं. मालुमावशी खालून विचारत होत्या, काय रं, पोटात लई दुखतंय? हो म्हणालो.

सोमवार, १ सप्टेंबर. संध्याकाळ. जेवलो नाही.

सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेलो. ब्राह्मी आधीच बसली होती. धारवाडचा फोन झाला होता. तिथला वाण मे महिन्यातच गेला, उन्हाळ्यात एसी बंद पडला होता. मित्र कळवायचं विसरला.

मग सर म्हणाले, वाण असा वाचतो, आजारी माशी असली तरी. तिची अंडी घ्यायची, ब्लीचच्या पाण्यात धुवायची. वरचा स्पोअर मरतो, अंडं जगतं. दर वेळी नाही जमत, पण चान्स असतो. आम्ही शनिवारी घाई केली. एक आजारी मादी जरी कुठं राहिली असती तर.

ब्राह्मी उठली. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, हाईत सर. अभिनंदन अण्णांच्या घरात हाईत. अण्णांनी मारल्याच न्हाईत, पांजरपोळ काढलाय. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसले. उठून माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, बरं झालं री, तुमचा धर्म कामाला आला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं.

ब्राह्मीच्या स्कूटीवर मागे बसलो. तिने ब्लीचची बाटली माझ्या हातात दिली होती, डिकीत स्वच्छ नळ्या. रस्ताभर ती बोलत होती. चार-पाच माद्या असल्या तरी बास झालं अण्णा, दसऱ्यापर्यंत पिढी उभी करते, डिसेंबरात सबमिट. आईला रडत फोन केलता सकाळी, आता परत करते. मी ठरवलं, रेल्वे गेटपाशी सांगायचं. गेट उघडं होतं. मग ठरवलं अनगोळ नाक्याला. तिथे ती शिट्टी वाजवत होती.

बाथरूममध्ये स्टूलवर चढून तिने स्वतःच खोकं खाली घेतलं. रिकामं, धुतलेलं. तिने विचारलं, कुठं हलवलासा? मी म्हणालो, काल पोट दुखत होतं.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उंबऱ्यावर बसली. तिने विचारलं, सगळ्या? सगळ्या, असं सांगितलं. म्हणाली, एखादी उडून गेली असंल. मग आम्ही शोधायला लागलो. केळी ठेवतो ती टोपली, मोरी, खिडकीची काच, गुळाचा डबा. काही नव्हतं. स्वयंपाकघरात अजून ब्लीचचा वास होता. मालुमावशी वर आल्या, काय हुडकायलाईसा म्हणून विचारलं. माशी म्हटल्यावर म्हणाल्या, माझ्या घरात या की, पायजे तेवढ्या हाईत. खाली जाऊन खरंच वाटीखाली एक धरून आणली. घरमाशी. ब्राह्मीने तिलाही नीट पाहिलं, वाटी उजेडात धरून. मग खिडकीतून सोडली.

मी तिला सांगितलं की पाणी चांगलं उकळलेलं होतं, त्यांना त्रास झाला नसेल. ती म्हणाली, तुमी मारणार न्हाईसा, एवढं एकच मला म्हाईत हुतं अण्णा. रागाने नाही म्हणाली. स्कूटी सुरू केली आणि गेली. ब्लीचची बाटली माझ्याकडेच राहिली.

पोट दुखत नाही. काल दुपारपासूनच दुखत नाही.